गुरू अक्षर म्हणजे आघाताचे अक्षर नव्हे

मराठी वृत्तातील गुरू म्हणजे इंग्रजी छंदातील आघातयुक्त अवयव (अवयव म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा, इंग्रजीत ‘सिलेबल’) आणि लघू म्हणजे आघातहीन अवयव, हे समीकरण वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते चुकीचे आहे. इंग्रजी छंद अवयवावरील जोर मोजतो, तर आपले अक्षरगणवृत्त उच्चारणाचा काळ, म्हणजे मात्रा मोजते: लघूची एक, गुरूच्या दोन.

‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ ही भुजंगप्रयात वृत्तातील ओळ पाहावी. चार य-गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), प्रत्येकी लघू-गुरू-गुरू, अशी ही 12 अक्षरे आहेत. त्यातील ‘स’ हा ऱ्हस्व असूनही गुरू आहे. कारण उच्चारात ‘सज्-ज’ अशी फोड होऊन तो अवयव व्यंजनाने बंद होतो. उलट ‘तुझ्या’मध्ये ‘झ्या’ सबंध पुढच्या अवयवात जातो, म्हणून ‘तु’ लघूच राहतो. शालेय व्याकरणात यालाच ‘जोडाक्षराचा आघात’ म्हणतात, आणि माझ्या मते गोंधळाचे एक मूळ येथेच आहे. इंग्रजीत मात्र ‘सिटी’ या शब्दाचा पहिला, ऱ्हस्व आणि उघडा अवयवही आघातयुक्तच असतो.

दुसरे कारण जुने आहे. आयंब, ट्रोकी, डॅक्टिल ही गणनामे प्राचीन ग्रीकांची असून तेथे ती ऱ्हस्व-दीर्घ अवयवांच्या क्रमासाठीच होती. इंग्रजीने नावे तशीच घेतली, पण मोजमाप आघातावर नेले. त्यामुळे आपल्या वृत्तांचे खरे साम्य इंग्रजी छंदापेक्षा ग्रीक आणि लॅटिन छंदांशी आहे.