पार्लमेंट-फंकाडेलिक

पार्लमेंट-फंकाडेलिक : अमेरिकेतील फंक या ठेकेबाज नृत्यसंगीताचा प्रवर्तक समूह, ‘पी-फंक’ या आटोपशीर नावाने अधिक परिचित. सूत्रधार जॉर्ज क्लिंटन (जन्म २२ जुलै १९४१). कागदोपत्री हे दोन बँड, दोन वेगळ्या कंपन्यांशी करार केलेले. प्रत्यक्षात माणसे बहुतेक तीच. हा दुहेरी संसार कोणी हौसेने थाटला नव्हता. नावाच्या भांडणातून तो गळ्यात पडला.

न्यू जर्सीतील प्लेनफिल्डमध्ये क्लिंटनचे सलून होते. कुरळे केस औषध लावून सरळ करून देणे हा धंदा, आणि त्याच जागी पाच जणांच्या गाण्याचा सराव. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जमलेल्या या गायकांनी एका सिगारेटवरून ‘द पार्लमेंट्स’ हे नाव उचलले. १९६७ मध्ये त्यांचे एक गाणे अखेर गाजले आणि पाठोपाठ रेकॉर्ड कंपनीशी नावाच्या हक्कावरून बिनसले. आपलेच नाव लावता येईना, तेव्हा क्लिंटनने मागे साथ करणाऱ्या पोरांना पुढे आणले, गायकांना पाहुणे केले आणि डेट्रॉइटच्या वेस्टबाउंड कंपनीशी ‘फंकाडेलिक’ म्हणून करार केला. हे नाव बासवादक बिली नेल्सनचे.

फंकाडेलिक म्हणजे गिटारचा कल्लोळ. १९७१ च्या ‘मॅगट ब्रेन’ या अल्बमचे शीर्षकगीत सुमारे दहा मिनिटांचे असून जवळजवळ सगळे एडी हेझलच्या गिटारवर उभे आहे. ‘आई गेल्याची बातमी आत्ताच कळली आहे, असे समजून वाजव,’ असे क्लिंटनने त्याला सांगितल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. ध्वनिमुद्रणाचे मिश्रण करताना क्लिंटनने बाकीची वाद्ये जवळपास पुसून टाकली आणि गिटारचा प्रतिध्वनी तेवढा ठेवला. समूहाचे सर्वांत गंभीर काम हेच.

पुढे जुने नाव मोकळे झाले आणि १९७४ पासून ‘पार्लमेंट’ या नावाने कॅसाब्लांका कंपनीसाठी नाचाचे, ब्रास वाद्यांचे संगीत निघू लागले. फंक गायक जेम्स ब्राउनच्या ताफ्यातून आलेला बासवादक बूट्सी कॉलिन्स, मागाहून त्याच ताफ्यातले सॅक्सोफोनवादक मेसिओ पार्कर आणि ट्रोम्बोनवादक फ्रेड वेस्ली यांनी ‘द वन’ची शिस्त आणली : चार मात्रांत पहिलीवर सगळ्यांनी मिळून उतरायचे, मधल्या जागेत ज्याने त्याने खेळायचे. मराठी कानाला यात सम ओळखू येईल. फरक इतकाच, की ख्यालात समेची वाट पाहण्यात गंमत असते. इथे ती लगेच येते आणि येतच राहते. १९७८ च्या ‘फ्लॅश लाइट’ या गाण्यात तर बासची ओळ कीबोर्डवादक बर्नी वॉरेलने गिटारऐवजी सिंथेसायझरवर वाजवली.

१९७५ च्या ‘मदरशिप कनेक्शन’ या अल्बमनंतर, १९७६ पासून, रंगमंचावर खरोखरच अवकाशयान उतरू लागले. धूर, दिवे आणि त्यातून बाहेर पडणारा क्लिंटन. कृष्णवर्णीयांना कोणी कल्पिले नव्हते तिथे, थेट अंतराळात, नेऊन बसवणे हा यामागचा विचार. आफ्रोफ्युचरिझमच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या नजरेतून भविष्य रंगवणाऱ्या कलाप्रवाहाच्या, चर्चेत हे यान म्हणूनच येते.

पैशांवरून वादक सोडून जात राहिले आणि १९८० च्या सुमारास समूह विस्कटला. संगीत मात्र हिप-हॉपमध्ये शिरले. डी ला सोल या गटाने १९८९ मध्ये, रॅपर डॉ. ड्रेने १९९२ मध्ये त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत वापरले. ड्रेच्या शैलीला ‘जी-फंक’ हे नावच त्यावरून पडले. पण हक्क कंपन्यांकडे होते. फंकाडेलिकच्या एका गाण्यातील सुमारे दोन सेकंदांच्या गिटारवरून खटला झाला आणि २००५ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले : परवाना घ्या, नाहीतर ध्वनिमुद्रणाला हात लावू नका. सलूनमधून निघालेल्या मंडळींचे संगीत असे कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले.

१९९७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समूहातील १६ जणांचा समावेश झाला. मूळ यान मेरिलंडमध्ये भंगारात गेले. १९९० च्या दशकात बनवलेले दुसरे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.