शृंगपतन

मृगकुलातील नरांची शिंगे ठरावीक काळाने मुळातून गळून पडतात आणि त्यांच्या जागी नवी फुटतात. या क्रियेस शृंगपतन म्हणतात. मराठीत दोन वेगळ्या प्रकारांना ‘शिंग’ हा एकच शब्द असल्याने घोटाळा होतो. काळवीट, गवा, बोकड यांच्या शिंगांवर केराटिनाचे (नखांतील प्रथिनाचे) कायमचे आवरण असते; सांबर, चितळ, वापिटी यांची पूर्ण वाढलेली शिंगे निव्वळ हाडाची असतात. वापिटी या मोठ्या हरणालाच उत्तर अमेरिकेत एल्क म्हणतात. यूरोपात मात्र एल्क म्हणजे मूस हे सर्वांत मोठे हरीण. रेनडिअरच्या माद्यांनाही शिंगे असतात.

शिंग कपाळाच्या हाडावरील खुंटातून फुटते. वाढत असताना त्यावर मखमली त्वचा असते, ती पुढे सुकून निघते. माजाचा काळ सरून टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक घटले, की खुंट व शिंग यांच्या सांध्यावरचे हाड अस्थिशोषक पेशी पोखरतात आणि शिंग निखळते. खच्ची केलेल्या नराची शिंगे गळत नाहीत असे ॲरिस्टॉटलने लिहिले, ते अर्धेच खरे आहे: मखमल असताना खच्ची केले तरच ती टिकतात, कडक झाल्यावर केल्यास उलट लवकर गळतात.

या क्रियेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गवैज्ञानिक ब्यूफाँने शिंगांची तुलना झाडाच्या लाकडाशी केली होती. तिला आता केवळ ऐतिहासिक महत्त्व उरले आहे. ज्ञात असलेली सर्वांत जुनी शिंगे मायोसीन या भूवैज्ञानिक कालखंडाच्या पूर्वार्धातील, सु. १·८ कोटी वर्षांपूर्वीची आहेत. प्रोसर्व्ह्यूलस, लॅगोमेरिक्स इत्यादी त्या काळच्या नामशेष मृगांच्या शिंगांना आजच्यासारखे मुळाशी कडे नव्हते. त्यावरून ती जिराफाच्या शिंगांप्रमाणे त्वचेने झाकलेली व कायमची असावीत, असे पूर्वी अनेकांनी मानले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मछेदांच्या अभ्यासात मात्र या जीवाश्मांतही हाड झिजून शिंग सुटल्याच्या खुणा आढळल्या. तेव्हा गळणे आरंभापासूनचे आणि कडे नंतरचे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ऋतूशी बांधलेली नियमितता बहुधा मागाहून आली.

समशीतोष्ण प्रदेशांत हे चक्र दिवसाच्या लांबीवर चालते. प्रकाशाचे वेळापत्रक बदलून अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॉस यांनी सिका जातीच्या हरणांना वर्षातून अनेकदा शिंगे बदलायला लावली. वापिटीची शिंगे साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, मूसची त्याआधी गळतात. गाभण रेनडिअर माद्या ती विण्याच्या सुमारापर्यंत राखतात. चितळांत शिंगे गळण्याचा असा एकच ठरावीक काळ दिसत नाही.

गळालेली शिंगे रानात फार काळ टिकत नाहीत. साळिंदर, उंदीर, खारी आणि हरणेही कॅल्शियम व फॉस्फरससाठी ती कुरतडतात. इंग्लंडमधील ग्राइम्स ग्रेव्ह्‌ज येथील गारगोटीच्या खाणींत (सु. इ. स. पू. २६००) खणण्यासाठी वापरलेली लाल हरणांची शिंगे सापडली; त्यांतील बहुतेक गळालेली होती. अमेरिकेत वायोमिंग राज्याच्या काही भागांत सार्वजनिक भूमीवर हिवाळ्यापासून एप्रिलअखेरपर्यंत ती वेचण्यास मनाई असते, कारण उपासमारीने खंगलेल्या कळपांना त्या दिवसांत धावपळ झेपत नाही.