बोट टोचून मेंदूतला रक्तस्राव थांबत नाही

“अचानक डोके असह्य दुखू लागल्यास दहाही बोटांना सुई टोचावी, मेंदू वाचतो,” हा संदेश पुण्यातील सोसायट्यांच्या ग्रुपवर, चांगल्याच हेतूने, वर्षानुवर्षे फिरतो आहे. मेंदूतील धमनीची भिंत कमकुवत होऊन आलेला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, फुटला की रक्त कवटीच्या आत पसरते. अंगातील सुमारे ५ लिटर रक्तापैकी बोटातून चार थेंब निघाल्याने तिथला दाब उतरत नाही. पडताळायचे असल्यास घरातल्या मधुमेही आजोबांना विचारावे: साखर तपासायला ते बोट टोचतात, पण त्यामुळे रक्तदाबाची गोळी काही सुटलेली नसते. क्षणार्धात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी, विशेषतः सोबत उलटी, आखडलेली मान किंवा हरपलेली शुद्ध असल्यास लगेच १०८ ला फोन करावा आणि आपल्या मनाने ॲस्पिरिन देऊ नये. पहिल्या ६ तासांत केलेल्या सीटी स्कॅनमध्ये असा रक्तस्राव सहसा निसटत नाही.