कोलंबियाचा कॅरिबियन किनारा: बुकिंग करण्याआधी एवढं वाचाच

तिथल्या कार्ताहेना शहराचे फोटो बघून बरेच जण फोन करतात आणि पहिला प्रश्न असतो बीच कसेत. तर सरळ सांगतो, शहरातले बीच काही खास नाहीत, तारकर्ली बघितलेला माणूस तिथे नाक मुरडणारच! चांगलं पाणी हवं असेल तर बोटीने रोसारिओ बेटांवर जायचं.

कार्ताहेनाला जायचं ते जुन्या शहरासाठी. 1533 मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेलं बंदर, चाच्यांच्या भीतीने भोवती बांधलेला तट, सान फेलिपेचा अवाढव्य किल्ला, 1984 पासून युनेस्कोच्या यादीत. पण गुलामांचा मोठा बाजारही इथेच भरायचा हे गाईड कधीकधी घाईत सांगतात, तुम्ही मुद्दाम विचारा. रंगीत घेरदार कपड्यातल्या फळवाल्या बायका दिसतील, त्यांचा फोटो काढला की पैसे द्यावे लागतात, ते आधीच ठरवून घ्या म्हणजे नंतर वाद नको.

चारपाच तास गाडीने गेलं की सांता मार्ता, दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांना स्पेनपासून स्वातंत्र्य मिळवून देणारा सिमोन बोलिवार 1830 मध्ये जिथे वारला ती हवेली तिथेच आहे, आणि जवळच तायरोना नॅशनल पार्क, म्हणजे जंगल थेट समुद्रापर्यंत. आमच्या मते अख्ख्या ट्रिपमधली बेस्ट जागा, पण आरेसिफेस बीचवर पोहायला बंदी आहे, प्रवाह जीवघेणा आहे, कितीही मोह झाला तरी नाही म्हणजे नाही. वर्षातून काही दिवस तिथल्या आदिवासी समाजांसाठी पार्क बंद ठेवतात, त्या तारखा बघूनच आम्ही प्लॅन करतो. वेळ असेल तर आत मागदालेना नदीकाठचं मोम्पोक्सपण घ्या, रस्ता लांबचा आहे पण गाव निवांत आणि चांदीच्या तारकामाचे दागिने सुंदर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, यलो फीवरची लस. कोलंबियाहून परत येताना भारतात सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. अमेरिकेतून फ्लाइट बदलणार असाल तर तिथलाही व्हिसा लागतो, नुसतं विमानतळावर बसायचं असलं तरी.

व्हेज लोकांनो, नारळाचा भात आणि कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोनेस जवळपास सगळीकडे मिळतात, पण तेल कशाचं ते विचारून घ्या, आणि आरेपा दे ह्वेवो म्हणजे मक्याच्या पिठाची तळलेली जाड पुरी, तिच्यात अंडं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत जायचा हट्ट मात्र शक्यतो नको, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे धो धो पाऊस असतो. डिसेंबर ते मार्च बेस्ट, त्यातही नाताळ-न्यू इयर टाळलं तर हॉटेलं बरीच स्वस्त पडतात.