बार्बीचा घोडा: ‘सामान’ म्हणून विकल्या गेलेल्या खेळण्याची पार्श्वभूमी

बार्बीचा जुना घोडा उताणा केला की पोटाखाली किंवा मांडीच्या आतल्या अंगाला बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, एक साल आणि एका देशाचं नाव सापडतं. नवखा माणूस ते साल म्हणजे घोड्याचं जन्मसाल समजतो. मीही तसंच समजले होते. प्रत्यक्षात ते साल साच्याच्या हक्कनोंदणीचं असतं. धातूचा साचा एकदा तयार झाला की त्यातून पुढची कित्येक वर्षं घोडे निघत राहतात. कधी सोनेरी, कधी काळे, कधी पांढरे. नाव बदलतं, आयाळीचा रंग बदलतो, पोटावरचं साल मात्र तेच राहतं. त्यामुळे जुन्या बाजारातून घेतलेला घोडा नेमका कधीचा, हे एका आकड्यावरून कळत नाही. आयाळीचा धागा, खुरांचा रंग, देशाचं नाव आणि सोबत टिकलं असेल तर खोगीर, हे सगळं मिळून वय ठरवावं लागतं.

हा खटाटोप बाहुल्यांच्या बाबतीत फारसा करावा लागत नाही. बार्बीचा प्रत्येक चेहरा, प्रत्येक पोशाख, प्रत्येक केशरचना यांच्या याद्या होऊन गेल्या आहेत. संग्राहकांचं पहिलं अधिवेशन न्यूयॉर्कमध्ये १९८० सालीच भरलं होतं. घोड्याच्या वाट्याला हे आलं नाही, कारण तो कंपनीच्या लेखी पात्र नव्हता. पलंग, मोटार, स्वयंपाकघर यांच्या रांगेतलं तो सामान होता. सामान वापरायचं असतं, जपायचं नसतं. आज जे घोडे हाती लागतात ते बहुतेक भरपूर खेळून झालेले असतात, त्याचं मूळ इथे आहे.

बार्बी बाजारात आली ती ९ मार्च १९५९ रोजी, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीच्या रूथ हँडलर यांनी युरोपच्या प्रवासात बिल्ड लिली ही जर्मन बाहुली पाहिली होती, तिच्यावरून बार्बी बेतली गेली. उंची साडेअकरा इंच. खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश धरली तर ही पाच फूट नऊ इंचांची बाई होते. घोड्याच्या दृष्टीने हा आकडा फार महत्त्वाचा आहे. घोड्याची उंची खांद्यापाशी मोजतात आणि ‘हँड’मध्ये सांगतात. एक हँड म्हणजे चार इंच. सोळा हँडचा चांगला उंच घोडा चौसष्ट इंचांचा. त्याचा एक षष्ठांश केला तर साधारण पावणेअकरा इंच, म्हणजे खांद्यापाशीच सत्तावीस सेंटिमीटर. वर मान आणि डोकं वेगळं. एवढा मोठा, पोकळ, तरी चार पायांवर नीट उभा राहणारा प्लॅस्टिकचा प्राणी स्वस्तात करणं सोपं नव्हतं. खोकाही मोठा, दुकानात जागाही जास्त.

दुसरी अडचण बाहुलीचीच होती. सुरुवातीच्या बार्बीचे पाय गुडघ्यात वाकत नव्हते. काठीसारखे सरळ पाय घेऊन खोगिरावर बसणार कशी? गुडघ्यात वाकणाऱ्या पायांची बार्बी आली १९६५ साली. घोडा त्यानंतर आला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

गंमत म्हणजे त्याच १९६५ साली अमेरिकेत लुई मार्क्स यांच्या कंपनीने जॉनी वेस्ट नावाचा बारा इंची काउबॉय आणि त्याचा थंडरबोल्ट नावाचा घोडा आणला होता. पुढच्याच वर्षी जेन वेस्ट ही काउगर्लही आली. हे घोडे मापाने बार्बीच्या जवळपासचे. त्यामुळे आजही बाहुल्यांच्या घोड्यांच्या गठ्ठ्यात एखादा मार्क्सचा घोडा हटकून निघतो. त्याचं प्लॅस्टिक पॉलिथिलीन जातीचं, मेणचट स्पर्शाचं. त्यावर रंग धरत नाही, डिंक चिकटत नाही. बादलीवर ऑइलपेंट मारून पाहिला असेल त्याला ही अडचण लगेच कळेल: वाळतो, दिसतो छान आणि नखाने ओढला की पापुद्र्यासारखा निघून येतो.

मॅटेलने बार्बीला पहिला घोडा दिला १९७१ साली. त्याचं नाव डान्सर. अंग तपकिरी, आयाळ आणि शेपूट काळी, पायांना सांधे असलेला, हवा तसा उभा करता येणारा. सांधे ही त्याची ऐट आणि सांधे हेच त्याचं दुखणं. मुलांच्या हातात वर्ष दोन वर्षं गेली की सांधे सैल होतात आणि घोडा पुढच्या गुडघ्यांवर बसू लागतो. पाय घट्ट असलेला डान्सर म्हणूनच मोलाने जातो. इंग्लंडमध्ये पेडिग्री कंपनीने १९६३ साली आणलेल्या सिंडी बाहुलीलाही घोडे मिळाले. तिकडच्या संग्राहकांचं लहानपण त्या घोड्यांशी जोडलेलं आहे.

खरी भर पडली १९८०-८१ च्या सुमारास. अमेरिकेत तेव्हा काउबॉय पोशाखाची लाट होती. त्या लाटेवर वेस्टर्न बार्बी आली आणि तिच्यासोबत डॅलस. सोनेरी अंग, फिकट लांब आयाळ, तपकिरी खोगीर. त्याच्या मागोमाग काळाभोर मिडनाइट, पांढरा अरबी प्रॅन्सर आणि डिक्सी नावाचं शिंगरू. डान्सरच्या तुलनेत डॅलसचा ढंग वेगळा: सांध्यांची कटकट नाही, एक पाय उचललेला डौलदार पवित्रा कायमचा ठरलेला, आणि सगळा खेळ केसांचा. आयाळ विंचरायची, वेणी घालायची, रिबीन बांधायची. खऱ्या घोड्याला खरारा करतात तसा या घोड्याला फणीने खरारा. तेव्हापासून आजपर्यंत बाहुल्यांचे बहुतेक घोडे याच वाटेने गेले.

मी स्वतः मुंबईत वाढले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस भारतात बार्बी मिळू लागली ती मुंबईच्या ब्लो प्लास्टच्या लिओ खेळण्यांमधून. आमच्या घरात अशी एकच बार्बी होती आणि तिच्यासोबत घोडा कधी आला नाही. पहिला डॅलस मी पाहिला तो खूप पुढे, न्यू जर्सीत, जुन्या वस्तूंच्या एका दुकानात, भाताच्या कुकरशेजारी. आयाळीचा नमदा झालेला, एक कान चावलेला. चार डॉलर.

जुन्या वस्तूंच्या या बाजाराशिवाय हा छंद उभाच राहिला नसता. अमेरिकेत गुडविल या जुन्या वस्तू विकणाऱ्या संस्थेची सुरुवात १९०२ साली बोस्टनमध्ये एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने केली. घरोघरच्या जुन्या वस्तू गोळा करायच्या, गरजू लोकांकडून त्या दुरुस्त करून घ्यायच्या आणि विकायच्या, अशी ती मूळ कल्पना होती. म्हणजे जुनी वस्तू विकण्याच्या या परंपरेत दुरुस्ती पहिल्यापासून आहे. पुढे घराबाहेर टेबलं मांडून होणारे गराज सेल आले आणि १९९५ साली ईबे हा इंटरनेटवरचा लिलावबाजार सुरू झाल्यावर गावोगावच्या माळ्यांवर पडलेले घोडे एकमेकांशेजारी दिसू लागले. एकाच साच्याचे दहा घोडे एकत्र पाहिल्यावर कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतर बदललेला, हे ओळखता येऊ लागलं.

दुरुस्तीची विद्या मात्र बार्बीवाल्यांची एकट्याची नाही. तिचा एक झरा ब्रेयरच्या घोड्यांचा. शिकागोच्या ब्रेयर कंपनीने १९५० साली एका शोभेच्या घड्याळासाठी प्लॅस्टिकचा घोडा बनवला. घड्याळापेक्षा लोकांना घोडाच आवडला आणि कंपनी घोड्यांचीच होऊन गेली. हे घोडे एक नवमांश मापाचे. सोळा हँडचा घोडा त्या मापात खांद्यापाशी अठरा सेंटिमीटर भरतो. त्यावर बार्बी बसवली तर ती साडेआठ फुटांची राक्षसीण वाटेल. त्यामुळे दोन्ही छंदांची खोगिरं, लगाम, रिकिबी एकमेकांना होत नाहीत. पण रंग खरवडणं, मोडलेला पाय तारेने सांधणं, स्वस्तातला डागाळलेला घोडा घेऊन त्याचा नवा घोडा करणं, ही रीत तिकडून आली. असा मोडका घोडा त्यांच्याकडे नुसता ‘बॉडी’ म्हणून ओळखला जातो आणि आम्हीही तोच शब्द वापरतो.

दुसरा झरा हॅसब्रो कंपनीच्या माय लिटल पोनी या खेळण्यातल्या तट्टांचा. १९८३ साली आलेल्या त्या रंगीत तट्टांची शेपूट आतून धातूच्या चकतीने अडकवलेली असे. आंघोळीच्या टबात गेलेल्या तट्टाच्या आत पाणी शिरायचं, चकती गंजायची आणि गंज शेपटीच्या मुळाशी उतरून गुलाबी अंगावर तपकिरी डाग पडायचा. हे निस्तरता निस्तरता लोक डोकं सोडवणं, जुने केस उपटणं आणि एकेक बट सुईने ओवणं शिकले. बाहुल्यांच्या घोड्यांवर आज जे केस बदलण्याचं काम होतं, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. एक धडा तर सरळ तिथलाच: पोकळ घोडा पाण्यात बुडवायचा नाही. मानेच्या किंवा शेपटीच्या भोकातून पाणी आत जातं, बाहेर यायला दिवस लागतात आणि आत बुरशी धरते. त्या घोड्याला जो कुबट वास येतो तो लवकर जात नाही.

केसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त घोडे इथेच बिघडतात. पहिल्या बार्बीचे केस सरान या धाग्याचे होते. ज्या रसायनापासून तो होतो ते १९३३ साली डाऊ कंपनीच्या प्रयोगशाळेत राल्फ वायली या तरुणाला सापडलं. प्रयोगाची भांडी घासताना एका भांड्याच्या तळाशी बसलेलं काही केल्या निघेना. दुसऱ्या महायुद्धात समुद्राच्या खाऱ्या तुषारांपासून वाचवायला तेच विमानांवर फवारलं गेलं. सरान जड असतो, चमकतो, सरळ खाली पडतो. नायलॉन मऊ आणि हलका. स्वस्त खेळण्यांत पॉलिप्रॉपिलीन असतो, तो विंचरला की पिंजलेल्या कापसासारखा फुलतो आणि मूळपदावर येत नाही. सरान आणि नायलॉन सुधारतात. आधी कंडिशनर लावून तासभर ठेवायचं, मग धातूच्या दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे, बोटभर बोटभर गुंता काढायचा. मुळापासून ओढलं की बटच हातात येते. शेवटी केस ताणून धरून त्यावर उकळीच्या जरा खालचं पाणी ओतायचं आणि लगेच थंड. धागा गरम पाण्यात नरम होतो, थंड झाला की त्याच आकारात बसतो. त्या चार डॉलरच्या डॅलसची आयाळ सुटायला मला तीन संध्याकाळ लागल्या. गुंत्यातून वाळूचे कण, एक च्युइंगगम आणि मण्यांची तुटकी माळ निघाली. कानाला मी हात लावला नाही.

शाईचे डाग हा वेगळा विषय. बाहुल्यांच्या संग्राहकांना फार पूर्वी असं लक्षात आलं की मुरमांवर लावायचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम डागावर थापून, वर प्लॅस्टिक लपेटून उन्हात ठेवलं की बॉलपेनची शाई उतरत जाते. मात्र आजूबाजूचा मूळ रंगही फिका होऊ शकतो, म्हणून मलम डागापुरतंच. पिवळेपणासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन हा उपाय २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या छंदिष्टांनी गाजवला आणि घोडेवाल्यांनी उचलला. पांढऱ्या घोड्यावर तो मोह होतोच. पण पिवळेपणा पुष्कळदा परत येतो आणि काही प्लॅस्टिकं त्याने ठिसूळ होतात. मी तो करत नाही. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन तर घोड्याजवळ आणूच नये. पॉलिस्टायरीन आणि एबीएससारखी कडक प्लॅस्टिकं त्यात विरघळतात.

नव्वदच्या दशकात मॅटेलने हाय स्टेपर नावाचा बॅटरीवर चालणारा घोडाही आणला होता. त्याच्या पोटात विसरलेल्या बॅटऱ्या फुटून पांढरा थर साचतो. अल्कलाइन बॅटरीचा तो थर व्हिनेगरने निघतो, पण पत्रा खाल्ला गेला असेल तर चाल परत येत नाही.

किती दुरुस्त करायचं यावर छंदात खरा मतभेद आहे. काही जण मूळ केस, मूळ रंग, पडलेले ओरखडे जसेच्या तसे ठेवतात. काही जण सगळं उतरवून कुमैत (तांबूस तपकिरी) किंवा अबलख (पांढऱ्या ठिगळांच्या) रंगाचा, खऱ्या घोड्यासारखा घोडा रंगवतात. माझं मत असं की डॅलससारखे घोडे भरपूर निघाले, त्यांच्यावर हात चालवायला हरकत नाही. डान्सरवर मी रंगाचा ब्रश उचलणार नाही. विकताना मात्र काय काय बदललं ते स्पष्ट लिहिलंच पाहिजे. आयाळ बदललेला घोडा मूळचा म्हणून माझ्याही गळ्यात मारला गेला आहे. पोटावरचं साल खरं, केस नवे, आणि किंमत मूळ घोड्याची.

एक गोष्ट आईवडिलांसाठी. मऊ व्हिनाइलमध्ये लवचिकपणासाठी थॅलेट जातीची द्रव्यं घालत. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने मुलांच्या खेळण्यांत त्यातल्या काहींवर ०.१ टक्क्याची मर्यादा आली. त्याआधीचे घोडे आणि खोगिरं बनली तेव्हा हा नियम नव्हता. वस्तू तोंडात घालण्याच्या वयाच्या मुलाला जुना घोडा देऊ नये.

ही द्रव्यं घोड्यालाही सोडत नाहीत. वर्षानुवर्षं पाठीवर बसलेल्या व्हिनाइलच्या खोगिरातून ती हळूहळू बाहेर झिरपतात. खोगीर आकसतं, चिकट होतं, आणि खालच्या कडक प्लॅस्टिकवर तंगाच्या, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळायच्या पट्ट्याची जागा मऊ पडून खळगा उमटतो. माझ्या डॅलसच्या पोटाभोवती असा एक गुळगुळीत पट्टा आहे, बोट फिरवलं की लागतो. तो भरून निघत नाही. खोगीर मी कोमट साबणपाण्याने पुसलं, कॉर्नस्टार्चची पूड लावून चिकटपणा घालवला आणि धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात ठेवलं. घोडा कपाटात उघड्या पाठीने उभा असतो. भाचीला तो खोगिरासकट हवा असतो, तेव्हा दुपारपुरतं चढवते आणि रात्री उतरवून ठेवते.