घटस्फोट झाला की अर्धा फ्लॅट बायकोचा?

‘घटस्फोट होताच नवऱ्याची अर्धी मालमत्ता बायकोच्या नावावर होते’, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. परदेशातल्या बातम्या वाचून तो खरा वाटणं स्वाभाविक आहे. पण महाराष्ट्रात असा कायदा नाही. (गोव्यातला कायदा वेगळा आहे.)

आपल्याकडे लग्नानंतरही ज्याची मालमत्ता त्याचीच राहते. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 खाली कोर्ट कायमची पोटगी ठरवतं, तीही दोघांचं उत्पन्न, मालमत्ता आणि वागणूक बघून. ठरलेली टक्केवारी नाही. ही पोटगी नवराही मागू शकतो.

मग डोंबिवलीतल्या वन बीएचकेचं काय? कपाटातला करारनामा आणि इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढा. खरेदीदार म्हणून कोणाची नावं आहेत? दोघांची असतील, तर डाउन पेमेंट आणि हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, ते बँक स्टेटमेंटमध्ये दिसेल. वाटा ठरवताना हे कागद बोलतात. सोसायटीतलं नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे.

स्त्रीधन, म्हणजे बायकोला लग्नात आणि लग्नाच्या आधी-नंतर भेट मिळालेले दागिने, वस्तू, पैसे, मात्र तिचंच. माहेरच्या बांगड्या सासूबाईंच्या लॉकरमध्ये असल्या तरी त्या वाटणीत येत नाहीत. दागिन्यांच्या पावत्या आणि लग्नातले फोटो जपून ठेवा, आणि घटस्फोटाच्या कागदांवर सही करण्याआधी हे सगळे कागद वकिलाला दाखवा.