एनक्वासचा अर्ज अडतो तो अभिप्रायाच्या फॉर्मवर

राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांच्या, म्हणजे एनक्वासच्या प्रमाणपत्राच्या तयारीत भिंतींचा रंग, फलक आणि कचऱ्याच्या रंगीत बादल्या यांवर महिने जातात. रुग्णांच्या अभिप्रायाचे फॉर्म आठवतात ते शेवटच्या आठवड्यात. मग वॉर्डातले मामा एका बैठकीत गठ्ठा भरून टाकतात, सगळे एकाच निळ्या पेनने.

हे प्रमाणपत्र सरकारी संस्थांसाठी आहे: जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयं, ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं. खासगी रुग्णालयांची वाट एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाची. तिथेही अभिप्राय आणि तक्रारींची नोंद तपासतात, पण मानकं वेगळी.

मूल्यमापनात एकूण ७० टक्के गुण मिळाले की झालं, असं बरेच जण धरून चालतात. रुग्णसमाधानाचा निकष वेगळा आहे. लगतच्या तिमाहीत ‘मेरा अस्पताल’ या केंद्र सरकारच्या रुग्ण-अभिप्राय व्यवस्थेवर समाधानी आणि अतिसमाधानी मिळून ७० टक्के, किंवा फॉर्मवरच्या पाच गुणांच्या पट्टीवर सरासरी ३.५. पाचपैकी साडेतीन म्हणजेही ७० टक्केच, त्यामुळे दोन्ही आकडे एकमेकांत मिसळले जातात. ‘मेरा अस्पताल’चे ७० टक्के म्हणजे शंभरातल्या सत्तर जणांनी समाधानी असल्याचं सांगितलं. फॉर्मचा ३.५ म्हणजे गुणांची सरासरी. एकच पद्धत धरा आणि अहवालात तीच लिहा. ‘लगतची तिमाही’ म्हणजे सलग तीन महिने. वर्षभरातले बरे तीन महिने वेचून चालत नाही. पंढरपूरच्या बाजूला आषाढीचा महिना गर्दीमुळे गुण खाली ओढेल या भीतीने तो गाळायचा मोह होतो. गाळू नका, गर्दीचं कारण अहवालात लिहा.

‘मेरा अस्पताल’चा मेसेज किंवा फोन नोंदणीतल्या मोबाइल नंबरवर जातो. केसपेपर काढताना बाईकडे फोन नसला की आशाताईंचा नंबर टाकून मोकळं व्हायची सवय असते. मग बाळंतिणीचा अनुभव आशाताई सांगतात, किंवा फोन कोणी उचलतच नाही. नंबर घरातल्या माणसाचाच घ्या.

फॉर्मची भाषा ही सोलापुरातली खरी अडचण. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, आणि फॉर्म मात्र फक्त मराठीत. वाचता न येणाऱ्यांना तोंडी विचारावं लागतं, त्यात आणखी एक फसगत. “स्वच्छता कशी होती?” विचारलं की उत्तर येतं, “हाय की बरं.” त्याचे सरळ पाच गुण लिहिले जातात. ‘बरं’ म्हणजे पाच नव्हे. पाच चेहऱ्यांची चित्रं दाखवा, बोट कुठे जातं ते पाहा. विचारणारा त्या वॉर्डातला नसावा आणि डिस्चार्ज कार्ड हातात पडण्याआधी तर विचारूच नये. कार्ड अडलेलं असताना सिस्टरांबद्दल वाईट कोण बोलेल? नाव लिहायची गरज नाही, वॉर्ड आणि तारीख पुरे.

आता हिशेब. समजा ३० फॉर्म आहेत आणि ‘औषधं मिळाली का’ या प्रश्नाला चार जणांनी काहीच लिहिलं नाही. उरलेल्या २६ जणांच्या गुणांची बेरीज ९१. ९१ भागिले २६ म्हणजे ३.५. तीसने भागलं तर ३.०३ येतात आणि पात्र असलेली संस्था कागदावर नापास होते. उलट, रिकाम्या जागी पाच भरले तर ३.७ होतात, आणि ती लबाडी. बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण यांची सरासरीही वेगवेगळी काढायची. एकत्र केली की वॉर्डातली तक्रार ओपीडीच्या गर्दीत बुडते.

आणि जो कागद जवळजवळ कोणाकडेच नसतो: सगळ्यात कमी गुण मिळालेल्या मुद्द्याचं पुढे काय केलं, त्याची नोंद. प्रतीक्षेला २.८ मिळाले तर कारण शोधा. नोंदणीची एकच खिडकी होती, की डॉक्टर दहाला येत होते? उपाय, जबाबदार व्यक्ती, तारीख, गुणवत्ता समितीच्या बैठकीचं इतिवृत्त आणि पुढच्या महिन्याचे गुण, हे सगळं एका फाइलीत ठेवा. ‘कर्मचाऱ्यांना सूचना देण्यात आल्या’ हे वाक्य कार्यवाही म्हणून कोणी मानत नाही. सगळ्या मुद्द्यांना ४.९ असलेल्या अहवालापेक्षा २.८चा ३.४ झालेला अहवाल कितीतरी पटण्याजोगा असतो.

मूल्यमापक कागदावर थांबत नाहीत. निरीक्षण, कर्मचाऱ्यांशी बोलणं, नोंदी आणि रुग्णाची मुलाखत अशा चार पद्धतींनी ते तपासतात आणि प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण देतात. फाइलीत औषधांना ४.६ आणि तीन नंबरच्या खाटेवरच्या आजींच्या उशीखाली बाहेरच्या मेडिकलचं बिल निघालं, तर ४.६वर कोण विश्वास ठेवणार? तक्रारपेटीचंही तेच: किल्ली कोणाकडे, पेटी शेवटची कधी उघडली, नोंदवहीत काय लिहिलं, हे पाहतात. कुलूप गंजलेलं असलं की पुढचे प्रश्न सुरू होतात.

बाकीची वाट सरळ आहे. स्वमूल्यमापन, त्रुटी दूर करणं, राज्यस्तरीय मूल्यमापन, मग राज्याच्या शिफारशीने केंद्र सरकारकडे अर्ज. सोबत संस्थेची माहिती, विभागवार गुण, कार्यपद्धतीच्या पुस्तिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जैववैद्यकीय कचऱ्याचं अधिकारपत्र. त्याची मुदत आजच पाहून ठेवा.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं. मधल्या वर्षांत राज्याकडून फेरतपासणी होते, तेव्हा पहिली मागणी होते ती दर महिन्याच्या फॉर्मांची.